पुडीवर नाव नसलेलं बी मी घेत नाही

भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. दुपारी गच्चीवरच्या कुंड्यांना हात लावता येत नाही, निम्मी झाडं होरपळून जातात आणि मग मृगाची पहिली सर आली की सगळ्यांना एकदम सगळं हवं असतं. "वहिनी, त्या पिवळ्या जास्वंदाची फांदी द्या ना." "ताई, गिलक्याचं बी उरलंय का?" उरलेलं असतं, कारण मी उरवतेच. पण माझी एक अट आहे आणि तिच्यापायी कॉलनीत मला जरा खडूस समजतात. पुडीवर लिहिलेलं पाहिजे. कशाचं बी, कुणाकडून आलेलं, कोणत्या साली धरलेलं. फांदी असेल तर कुणाच्या झाडाची आणि फूल कसं येतं. "घ्या, छान लागतात वांगी" म्हणून नुसती हातावर टेकवलेली पुडी मी घरात ठेवून घेत नाही. देणाऱ्याला राग येतो, येऊ दे.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, बोरीच्या काठचं. तिथे कुणी पुडीवर काही लिहीत नसे. माझी माय निरक्षर होती. वाल, चवळी गाडग्यात चुलीच्या राखेत घोळून ठेवलेली असे. गिलकं आणि दोडका वेलीवरच खडखडीत वाळू द्यायचे आणि तसेच्या तसे आढ्याला टांगायचे. हलवलं की आत बी वाजायचं. दुधी भोपळा वाळवून केलेल्या तुंब्यात काकडीचं बी असायचं, तोंडाला कापसाचा बोळा. यातलं कुठलं बी कुणाच्या वाड्यातून आलं, त्या वेलाला फळ किती, कीड लागते की नाही, हे सगळं मायला तोंडपाठ होतं. आणि मागणारीलाही ते माहीत असायचं, कारण तो वेल तिनेच गेल्या श्रावणात कुंपणावर पाहिलेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे बी हलायचं. खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस, सांजोऱ्या. सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांची, सालं याच दिवशी बदलतात, म्हणजे शेतीचं वर्षही इथूनच सुरू होतं. पुढे महिना-दीड महिन्यात मृग. त्यामुळे सासरी परतताना पदराच्या गाठीला बी बांधलेलं असणं, यापेक्षा सोयीची वेळ दुसरी नाही. आमच्या गावातली चवळी अशीच पारोळ्याला गेली, एरंडोलला गेली. माय म्हणायची, "बी इकत नही लेतस, मांगी लेतस." मागून नेलेल्या बियाचं पुढच्या वर्षी काय झालं, हे सांगायला मागणारी परत यायची. म्हणजे चौकशीही होऊन जायची.

लग्न होऊन भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले तेव्हा हे सगळं गणित बिघडलं. आमचे हे मालगाडीचे गार्ड. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणायचं असं रेल्वेने ठरवलंय. आमच्या घरात ते अजून गार्डच आहेत.) क्वार्टरला मागे चांगलं ऐसपैस अंगण होतं आणि शेजार म्हणजे अख्खा भारत. डावीकडे मदुराईकडच्या अक्का, उजवीकडे बंगाली बौदी, समोर बिहारचं कुटुंब. प्रत्येकीच्या अंगणात तिच्या गावचं काहीतरी उगवलेलं. अक्कांनी दिलेल्या शेवग्याच्या बियांना सात-आठ महिन्यांतच शेंगा लागल्या, तेव्हा मला खरं वाटेना. आमच्याकडे शेवगा म्हणजे हाताएवढी जाड फांदी रोवायची आणि वाट पाहत बसायचं. मग कळलं की तामिळनाडूत पेरियाकुलमला काढलेलं पीकेएम-१ म्हणून वाण आहे, ते बियांपासूनच लावतात. बौदींकडून मायाळू आली, लाल देठाची. आपण भजी करतो, त्या मोहरी वाटून भाजी करायच्या.

पण रेल्वेत माणसं बदलून जातात. बदलीची ऑर्डर आली की कुंड्या ट्रकमध्ये शेवटी चढतात आणि बहुतेक वेळा चढतच नाहीत. निरोपाच्या आठवड्यात अंगणं वाटली जातात. "हे घ्या, ते घ्या." त्या घाईत हातात आलेल्या डझनभर पुड्या, आणि ज्या बाईला सगळं ठाऊक होतं ती आसनसोलला निघून गेलेली. मायचं तोंडपाठ असणं इथे उपयोगाचं नाही. म्हणून लिहायचं. मी पुड्या कॅलेंडरच्या फाटलेल्या पानांच्या करते, ज्या महिन्यात बी वाळलं त्याच महिन्याचं पान. महिना आणि साल आपोआप छापलेलं मिळतं, उरलेलं बॉलपेनने.

बामणोदकडून भाजी घेऊन भुसावळच्या बाजारात बसणाऱ्या एक नानी आहेत. हिवाळ्यात त्यांच्याकडे भरताची वांगी असतात. फिक्या हिरव्या रंगाची, अंगावर पांढऱ्या रेघा, हातात धरलं तर पंजात मावू नये एवढी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पुण्या-मुंबईचे लोकही नावाने मागायला लागले, पण बामणोद-आसोद्याच्या माणसाला त्याचं काही विशेष नाही. तो आधीपासूनच दुसऱ्या वांग्याचं भरीत खात नाही. मला त्याचं बी हवं होतं. नानींना मी पैसे विचारले तर म्हणाल्या, "पैसे नको देऊ मले. तुयाकडचं गिलक्याचं बी दे." माझं गिलकं त्यांनी चाखलेलं होतं, त्यांच्याच पाटीत मी एकदा ठेवून आले होते. व्यवहार ठरला.

तर नानींनी दाखवलेली बी धरायची रीत, जशी पाहिली तशी सांगते, कारण अनेकांना वाटतं की बाजारातून आणलेल्या वांग्यातून बी काढलं की झालं. बाजारातलं वांगं कोवळं असतं, त्यातलं बी पांढरं आणि पोचट, ते उगवत नाही. झाडांत जे निरोगी, ज्याला सुरुवातीपासून फळ एकसारखं, असं झाड निवडायचं. त्यावरचं एक चांगलं वांगं ठरवायचं आणि देठाला लाल चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कुणी चुकून भरतासाठी तोडत नाही. मग ते विसरून जायचं. हिरवं वांगं हळूहळू पिवळं होतं, नंतर तपकिरीकडे झुकतं, साल निबर होते. इतकं झाल्यावरच तोडायचं आणि तोडूनही काही दिवस सावलीत पडू द्यायचं.

नंतर नानी ते वांगं ओट्यावर ठेवून तळहाताने दाबून लाटल्यासारखं फिरवतात. आतला गर सैल होतो. देठाकडचा भाग त्या कापून बाजूला टाकतात, कारण बी जास्त करून खालच्या अर्ध्यात असतं. तो अर्धा भाग पाण्याच्या पातेल्यात बोटांनी कुस्करायचा. गर आणि पोचट बी वर तरंगतं, भरलेलं बी तळाशी जातं. वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा पाणी घालायचं, असं पाणी नितळ होईपर्यंत. तळाशी राहिलेलं बी सुती फडक्यावर पसरून सावलीत वाळवायचं. वर्तमानपत्रावर पसरू नका, चिकटतं आणि मग कागदासकट पेरावं लागतं. नखाने दाबल्यावर खूण उमटत नाही इतकं कडक झालं की पुडीत.

एका वांग्यातून इतकं बी निघतं की अख्ख्या गल्लीला पुरावं. वाटणाऱ्याचा हात सैल असायला हरकत नसते ती याचमुळे. एक गोष्ट मात्र नानींनी सांगितली नव्हती, कारण त्यांच्या शेतात तिची गरजच नाही. त्यांच्याकडे चहूबाजूला भरताचीच वांगी. माझ्या गच्चीशेजारी काटेरी जांभळी वांगी आहेत, आणि वांग्याचं फूल स्वतःचंच स्वतःला फळत असलं तरी भुंगे, मधमाश्या थोडीफार सरमिसळ करतातच. म्हणून ज्या फुलाचं बी धरायचं त्यावर उमलायच्या आधीच मलमलीची छोटी पिशवी बांधते, सकाळी फुलाला टिचकी मारते आणि फळ धरलं की पिशवी काढून चिंधी बांधते. माझ्या पुडीवर "पिशवी बांधून" असं लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थ हा.

गिलक्याचं काम याहून नाजूक. वेलवर्गात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या खाली बोटाएवढं गिलकं आधीच दिसतं. कुठल्या वेलावरचा भुंगा कुठे जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे बी खात्रीचं हवं तर हाताने फळवायचं. संध्याकाळी वेलाशी उभं राहून पाहायचं, ज्या कळ्यांची टोकं पिवळी झालीत त्या उद्या सकाळी उमलणार. एक मादी, दोन नर, तिघांनाही दोऱ्याने हलकेच बांधून टाकायचं. गिलकं सकाळी लवकर उमलतं, तेव्हा भुंग्यांच्या आधी पोचायचं, नराच्या पाकळ्या तोडून परागांची कांडी मादीच्या मधोमध फिरवायची आणि मादी पुन्हा बांधायची. दोडका याच्या उलट, तो संध्याकाळी उमलतो, म्हणून त्याचं हे काम दिवेलागणीला. सासूबाई हयात होत्या तेव्हा मला वेलाशी हे करताना पाहून म्हणाल्या होत्या, "आता वेलाची लग्नं पण तूच लावणार का?" लावते की. चांगलं स्थळ हवं असेल तर लावावीच लागतात.

दुधीचं बी घेताना मात्र कडक राहा. दुधी कधीकधी कडू निघतो, आणि तो कडूपणा कारल्यासारखा सोसायचा नसतो. त्याने उलट्या, जुलाब होतात, माणूस दवाखान्यात जातो. ज्या वेलाचं एकही फळ कडू निघालं त्याचं बी धरायचं नाही आणि वाटायचं तर मुळीच नाही. मी बी धरायच्या वेलाचं प्रत्येक कोवळं फळ चिरताना जिभेला फोड लावून पाहते. कडू लागली की थुंकायची, दुधी फेकायचा. पुडीवर "चाखलेला" हा शब्द असतो.

आता हायब्रीडचं. एका परिचित बाईंनी मला मोठ्या प्रेमाने टोमॅटोचं बी दिलं, "अगदी लालचुटुक, गोल, एकसारखे येतात" म्हणून. आले ते कुणी लांबट, कुणी बोराएवढे, दोन-तीन झाडं नुसतीच वाढली. त्यांनी बाजारातला टोमॅटो चिरून बी काढलं होतं. बाजारातला टोमॅटो बहुतेक संकरित असतो, दोन वेगळ्या वाणांची पहिली पिढी. ती पिढी एकसारखी येते आणि जोरात येते. तिच्या पोटचं बी मात्र आजोळचं थोडं, घरचं थोडं, असं कसंही येतं. विष नाही ते, खायला हरकत काहीच नाही. फक्त "असंच येईल" हे वचन देऊ नका. बाईंनी पुडीवर "बाजारातला टोमॅटो" एवढे दोन शब्द लिहिले असते तर मी कौतुकाने गंमत म्हणून लावला असता, मोठी कुंडी अडवली नसती.

माझ्या भाच्याचं कृषी सेवा केंद्र आहे. त्याला मी विचारलं की हे आपलं बी वाटणं कायद्यात बसतं का, कारण कुणीतरी मला घाबरवलं होतं. त्याने सांगितलं की २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, पेरायचा, कुणाला द्यायचा, बदलून घ्यायचा, विकायचासुद्धा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही, ही अट. आमच्या कॅलेंडरच्या पुड्यांना त्यात काही धोका नाही. भाचा वर म्हणाला, "मावशी, सगळेच तुझ्यासारखे झाले तर माझं दुकान बंद पडेल." त्याला सांगितलं, कांद्याचं बी तुझ्याकडूनच घेईन. खरंच घेते. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं, ते साठवून वाटणाऱ्याला मी हात जोडते. वांगी, टोमॅटो नीट कोरडं ठेवलं तर तीन-चार वर्षं सहज निघतात. औषधाच्या बाटलीत त्या बारीक दाण्यांच्या पुड्या येतात ना, ओल शोषणाऱ्या, त्या मी टाकत नाही, बियांच्या बरणीत घालते. चुलीची राख आता मिळत नाही. आमच्याकडे राखेची तशी कमी नाही, दीपनगरला औष्णिक केंद्र आहे, पण ती राख बियाला लावायची नाही एवढं लक्षात ठेवा.

जुनं बी असेल तर देण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, फडकं सुकू द्यायचं नाही. आठवडाभरात सात-आठ मोडले तर बेलाशक द्या. तीन-चारच मोडले तर पुडीवर तसं लिहा आणि मूठभर जास्त घाला. मिरची, वांग्याला थंडीत जास्त दिवस लागतात, तेव्हा उतावीळपणा नको. आणि कढीपत्त्याचं बी पुडीत घालून कुणी देत असेल तर घेऊ नका. ते झाडावरून काळं पिकलं की गर काढून तेव्हाच पेरावं लागतं, वाळलं की गेलं.

संक्रांतीला मी हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या वाटायचं कधीच बंद केलं. बियांच्या पुड्या देते. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे उन्हाळी भेंडी, गवार, काकडी लावायची वेळ, घरी जाऊन लगेच पेरता येतं. आधी बायका हसायच्या. मग २०२० साली अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बी जपल्याबद्दल पद्मश्री जाहीर झाली, टीव्हीवर त्यांच्या बियांच्या मडक्यांची रांग दिसली, आणि आमच्या भिशीतल्या बायका माझ्या पत्र्याच्या पेटीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला लागल्या. दुसऱ्या वर्षी दोघी-तिघींनी स्वतःहून पुड्या आणल्या. नावं लिहिलेल्या. मला त्या हळदीकुंकवात तिळगुळापेक्षा त्याचंच अप्रूप.

फांद्यांचा कारभार बियांपेक्षा सोपा दिसतो आणि तिथेच लोक फसतात. बियातून सहसा किडे येत नाहीत. फांदीसोबत अख्खं बिऱ्हाड येतं. जास्वंदावरचा पांढरा पिठ्या ढेकूण आमच्या कॉलनीत असाच घरोघर फिरला, प्रेमाने दिलेल्या फांद्यांवर बसून. म्हणून कुठलीही आलेली फांदी, कितीही जवळच्या माणसाची असो, आधी साबणाच्या पाण्याने पुसायची, पानाची मागची बाजू आणि पेराची बेचकी बघायची, आणि दोन-तीन आठवडे जिन्याच्या खाली एकटी ठेवायची. केळीचे मुनवे मी कुणाकडूनच घेत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना सीएमव्ही या विषाणूच्या रोगाने काय त्रास दिला ते आम्ही जवळून पाहिलंय. मावा तो पसरवतो आणि रोगट बागेतला मुनवाही बरोबर घेऊन जातो. अंगणातल्या चार केळींसाठी तो धोका कशाला? टिश्यू कल्चरचं रोप आणावं आणि मोकळं व्हावं.

फांदी केव्हा मागावी यालाही काळ आहे. मे महिन्यात फांदी मागणाऱ्याला मी नाही म्हणते, सरळ. आमच्याकडे त्या उन्हात आईवर असलेली फांदी जगत नाही, तोडलेली काय जगणार? मृग-आर्द्रात या. पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून, पेराच्या जरा खाली तिरका काप, खालची पानं काढलेली. चाफ्याची फांदी लगेच रोवू नका, चीक वाळेपर्यंत काही दिवस सावलीत आडवी पडू द्या, नाहीतर कुजते. ब्रह्मकमळाला पान पुरतं. गुळवेलाची काडी तर कुंपणावर विसरून गेलात तरी हवेत मुळ्या सोडते, कडुनिंबावर चढवा म्हणजे घरातले वडीलधारे खूश. मनीप्लांट मागू नका, तो चोरूनच आणायचा असं सगळे म्हणतात. माझ्या जिन्यातला रोज थोडा कमी होतो, मी बघून न बघितल्यासारखं करते.

आमच्या ह्यांनी फांद्यांच्या देवघेवीत माझ्यापेक्षा मोठा पल्ला गाठलाय. ड्यूटी इगतपुरी, खंडवा, बडनेरा अशी. इगतपुरीच्या रनिंग रूमचा, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रामगृहाचा, माळी हौशी. हे इकडून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गावठी गुलाबाच्या काड्या नेणार, तिकडून काहीबाही हिरवंगार आणणार, ब्रेकव्हॅनच्या कोपऱ्यात डब्याच्या पिशवीशेजारी ठेवून. आणलेल्यातलं निम्मं भुसावळात टिकत नाही. घाटाच्या तोंडच्या पावसात आणि धुक्यात वाढलेला नेचा इथल्या एप्रिलमध्ये कसा तग धरणार? मी सांगून दमले. तरी दर पावसाळ्यात एक नेचा येतोच, आणि त्याच्या पिशवीवर ह्यांच्या अक्षरात व्यवस्थित लिहिलेलं असतं: नेचा, इगतपुरी, जुलै. शिस्त तेवढी लागली.

मेहरूणच्या बोरांच्या बिया मला दर हिवाळ्यात कुणीतरी आणून देतं. जळगावची ती बोरं गोड, त्यामुळे बी जपून ठेवावंसं वाटणं समजू शकते. पण त्या बियातून मेहरूणचंच बोर येईल याची खात्री नाही. त्यासाठी आधी गावठी बोरीचं रोप वाढवायचं आणि त्यावर मेहरूणच्या झाडाचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं. डोळा भरायला मला अजून कुणी हातात हात धरून शिकवलेलं नाही. आसोद्याच्या बाजूला एक बाबा भरून देतात असं ऐकलंय, त्यांच्यासाठी भरीत वांग्याची पुडी वेगळी काढून ठेवली आहे.

सध्या माझी खरी अडचण कर्टुल्यांची आहे. श्रावणात सातपुड्याच्या पायथ्याकडच्या बायका यावल, चोपड्याकडून टोपलीभर कर्टुली आणतात, त्यांच्यापैकी एकीकडून मी कंद मिळवले. कर्टुल्याचं बी फार आळशी, उगवायला खूप वेळ लावतं, म्हणून कंदच लावलेला बरा. वेल जोरात आले, जाळीवर पसरले, पिवळी फुलंही भरपूर. प्रत्येक फुलाखाली काटेरी हिरवा मणी. तो मणी म्हणजे मादी. कर्टुल्यात नर वेल निराळा आणि मादी वेल निराळा असतो आणि मला मिळालेले सगळेच्या सगळे मादी निघाले. मणी चार दिवस दिमाखात राहतात, मग पिवळे पडून गळतात. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो, पण तो एक तरी हवा ना.

बाजारातल्या त्या बाईला विचारलं, तर तिला हसू आवरेना. नराला फळ धरत नाही, मग त्याचा कंद खणून कोण आणणार? बरोबरच आहे तिचं. तेव्हा ज्यांच्या जाळीवर नुसती फुलं येतात आणि फुलाखाली मणी नसतो, ज्यांनी त्या वेलाला "वांझ" म्हणून उपटून टाकायचं ठरवलंय, त्यांनी तो पाऊस संपून वेल वाळेपर्यंत राहू द्यावा, मग कंद काढावा. एक कंद मला हवा आहे. बदल्यात गिलकं देईन, भरताची वांगी देईन, लाल देठाची मायाळू देईन, आणि तुमच्याकडे मादी नसतील तर माझ्यातल्या दोन मादीही देईन. पिशवीवर फक्त "नर" लिहा, गाव लिहा. भुसावळपर्यंत कसं पोचवायचं ते आमचे हे बघून घेतील, खंडवा ते इगतपुरी कुठल्याही स्टेशनावर.